मांडीवरचा फणस

गयेला जाऊन मी काय सोडायचं, हेसुद्धा आमच्या ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

हे म्हणजे कल्याणरामन. कुंभकोणमच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. शाळा सुटली, पण नकाशे काही सुटले नाहीत. दोन महिने दिवाणखान्यात भारताचा नकाशा अंथरून बसले होते. लाल पेन्सिलीनं देवळं, हिरव्यानं राजवाडे, निळ्यानं खाणं. प्रयाग, काशी, गया, मग लखनौ, जयपूर, अमृतसर. अमक्या गल्लीतली कचोरी, तमक्या चौकातली लस्सी. मी काय करायचं? नकाशावर पाय न देता कॉफी आणून द्यायची आणि कप उचलून न्यायचा.

त्या दिवशी पनरुटीहून माझी थोरली नणंद आली होती, पंकजम अक्का. तीही यात्रेला येणार होती. ह्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तशी यादी वाचायला घेतली.

"गया. पिंडदान झालं की त्याग. कोदै, तुझी भाजी वांगं, फळ पेरू. माझं कारलं आणि कवठ."

आमच्याकडे काशी-गया केली की एक भाजी आणि एक फळ जन्मासाठी सोडायचं. पुन्हा जिभेला लावायचं नाही. खरं तर आवडीचं सोडायचं असतं. वांग्यावर माझा जीव आहे, हे ह्यांना बरोब्बर ठाऊक. कारल्याला हे जन्मात शिवले नाहीत.

"वा रे पठ्ठ्या, कारलं!" अक्का हसत सुटली. "अम्माचाच मुलगा शोभतोस. तिनंही कारलंच सोडलं. आणि फळ कुठलं, तर सफरचंद! मी होते ना बरोबर. तेव्हा कुंभकोणमात सफरचंद खात होतं कोण, आजारी माणूस सोडून?"

"सफरचंद नाही हो अक्का," मी म्हटलं. "अम्मांनी फणस सोडला होता."

"फणस? अम्मानं? डोकं फिरलंय का तुझं? दर वैशाखात आठ दिवस माझ्याकडे कशाला यायची ती? माझं तोंड बघायला? हाताला तेल चोपडून अंगणात फणसाच्या झाडाखाली बसायची, वीस-वीस गरे फस्त! मी म्हणायची, अम्मा, एक घरी घेऊन जा. तर म्हणायची, नको गं, कोदैला वासानं मळमळतं. तिच्यासमोर फणसाचं नाव काढायचं नाही, असं कल्याणनं बजावलंय."

"मळमळतं? मला?"

माझ्या माहेरी परसात फणसाचं झाड होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी ह्यांना म्हटलं होतं, एक फणस आणा ना. तेव्हा ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अम्मानं गयेला फणस सोडलाय. तिच्यासमोर नावही काढू नकोस. वाईट वाटेल तिला." मी नाही काढलं. अम्मा होत्या तोवर, चौतीस वर्षं नाही काढलं. मनातल्या मनात मात्र सासूला खूप बोल लावले. सोडायला हिला दुसरं फळ मिळालं नाही का, म्हणून.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे निळ्या पेन्सिलीला टोक काढत होते.

"अहो, मी काय विचारतेय?"

"अगं, वासानं माझं डोकं चढतं," हे पेन्सिलीकडे बघतच म्हणाले. "केवढीशी गोष्ट! तेव्हा बोलून गेलो, मग सांगायचं राहूनच गेलं."

राहून गेलं म्हणे! दूधवाल्याला निरोप द्यायचा राहतो. हे राहतं का?

"आणि अम्मांना माझं नाव कशाला सांगितलंत?"

"माझं सांगितलं असतं तर तिनं मागच्या अंगणात बसून खाल्ला असता. वास यायचा तो आलाच असता. सुनेचं म्हटल्यावर गप्प बसली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फणसासाठी नाही हो. फणस गेला खड्ड्यात. मला चार वर्षांपूर्वीचा वैशाख आठवला.

अम्मांचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती. तीन दिवस एकच शब्द चालला होता, "गरा... गरा..." मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "अम्मा, गयेला शब्द दिलाय ना? आता शेवटी मोडायचा नाही." त्यांनी मान हलवली, इकडून तिकडे, पुन्हा इकडून तिकडे. मला वाटलं, भ्रमात आहेत. हे पायथ्याशी उभे होते. मी ह्यांना विचारलं होतं, "देऊ का एक गरा? पाप लागायचं ते मला लागू दे." हे म्हणाले, "नको. व्रत मोडेल."

व्रत मोडेल! स्वतःच्या आईच्या पायथ्याशी उभं राहून! मी गंगेचं पाणी चमच्यानं तोंडात सोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. जाताना माझ्याकडे बघत होत्या ते काय म्हणून, हे मला आज कळलं. मरतानाही हिला वासच नडतोय, असं वाटलं असेल त्यांना. दुसरं काय वाटणार?

मी हे सगळं ओरडूनच सांगितलं. शेजारपाजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे. अक्काचं हसू कधीच मावळलं होतं. ती भावाला म्हणाली, "कल्याण, तू माणूस आहेस का रे?"

"झालं ते झालं," हे पुटपुटले. "आता ती येणार आहे का परत? यात्रेच्या तोंडावर उगाच—"

मी खाली बसले. नकाशावरची लाल पेन्सिल उचलली. लखनौवर फुली मारली. जयपूरवर मारली. अमृतसरवर इतक्या जोरात मारली की नकाशा फाटला.

"अगं, अगं! दोन महिन्यांची मेहनत आहे ती!"

"फक्त गया," मी म्हटलं. "ह्याच महिन्यात. फणस आहे तोवर. अक्का, तुमच्या झाडाचा एक मोठा बघून ठेवा, वाटेत पिकेल असा. पिंडांचा भात मी शिजवीन, तो माझा मान आहे. पण फणस हे नेतील. पिशवीत नाही, बाकाखाली नाही. मांडीवर. गयेला अम्मांपुढे ठेवायचा आणि काय केलंत ते मोठ्यानं बोलायचं. आणि मी काय सोडायचं ते माझं मी बघीन."

"दोन रात्री गाडीत? डोकं फुटेल माझं!"

"फुटू दे."

"कोदै, अगं, डब्यात चारचौघं असतात. म्हातारा मांडीवर फणस घेऊन बसलाय म्हणून लोक विचारतील मला."

"विचारतीलच," मी म्हटलं. "विचारलं की सांगायचं. पहिल्यापासून सांगायचं."