पोटातली रेघ

उबेदचाचांची पाट्या रंगवायची हौस केव्हाच आटली होती. रोह्यात फ्लेक्स आला आणि ब्रशाला कुत्रंही विचारेना. आता उरल्या होत्या त्या कबरीच्या उशाशी लावायच्या पाट्या. गुडघे दुखत होते, डोळे दगा देत होते, तरी सैफुल दारात आला तेव्हा त्यांना नाही म्हणवलं नाही.

सैफुल आसामातला. पूर्वी तोही भावासारखा धाटावच्या कारखान्यात होता, म्हणून मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याचा मोठा भाऊ हबिबर शिफ्ट सुटल्यावर खांब गावाजवळ ट्रकखाली गेला. मयत ठेवायची नाही म्हणून जमातीनं लगेच दफन केलं. सैफुल गावाहून पोचेपर्यंत कबरीवरची माती सुकली होती. घरच्या कुणी तोंड पाहिलं नव्हतं. गावाकडे आई हटून बसली होती, की मेला तो हबिबर दुसराच कुणी, माझा जिता आहे. तिला वाचता येत होतं ते एवढं एकच नाव, तेही हबिबरनंच शिकवलेलं. पाटी आमच्या आसामी अक्षरात रंगवा, फोटो बघून तरी ती मानेल, असं म्हणून सैफुल बिडीच्या पुडक्यावर नाव लिहून देऊन गेला: हबिबर रहमान.

चाचांनी पुडकं डोळ्यांजवळ धरलं. दोन्ही 'र'च्या पोटात तिरकी रेघ होती. ही लिपी आपल्याला येते, असा त्यांचा भारी समज. पेणच्या एका बंगाली मिठाईवाल्याची पाटी त्यांनीच रंगवली होती, तिथं 'र'च्या खाली टिंब होतं. पोराचा हात दुःखात घसरला असणार, म्हणून त्यांनी रेघा गाळल्या आणि टिंबं दिली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

पाटी घेऊन गेलेला सैफुल तासाभरात ती काखेत मारून परत आला आणि उंबऱ्यातच बसला.

"फोटो पाठवला, चाचा. आई हसायलाच लागली. आमच्या 'र'ला पोटात रेघ असते, टिंब बंगाल्यांचं. ती म्हणते, बघ, हा आपला नाय. शेजारी गूळ वाटला तिनं."

उभ्या जन्मात चाचांनी काना-मात्रा चुकू दिली नव्हती, आणि आज पहिल्यांदा वाटलं, ही चूक तशीच राहावी.

"ऱ्हाऊ दे ना रे," ते म्हणाले. "तिच्यापुरता जगू दे त्याला."

"त्याचं ताट वाढून बसते ती. तो येईस्तवर जेवत नाय."

चाचांनी टर्पेंटाइनच्या चिंधीनं टिंबं पुसली. पहिली रेघ ओढली. दुसरीला हात उचलेना. सैफुलनंही घाई केली नाही. शेवटी तीही ओढली. रंग ओला असतानाच फोटो गेला.

थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडून बाईचा थकलेला आवाज अक्षर लावत होता. ह... बि... ब... आणि 'र'पाशी येऊन तो थांबला.