उघड्यावरचा गवती चहा

जर्मनीतल्या नेकारसुल्मला आल्यापासून विभावरी दर हिवाळ्यात गवती चहाची कुंडी घरात घ्यायची, आणि दर हिवाळ्यात हायझुंगच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्रणेच्या, कोरड्या हवेत रोप वाळून जायचं. यंदा तिनं ठरवलं, ते बाहेर बागेतच ठेवायचं.

"अगं, इथे उणे दहा होतं!" तिचा नवरा जयंत म्हणाला.

शेजारच्या फ्राऊ हार्टमान कुंपणापलीकडून म्हणाल्या, "हे नाही जगायचं."

तरीही तिनं ते दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीलगत लावलं. थंडीच्या तोंडावर पाती वीतभर ठेवून कापली, भोवती फळ्यांची चौकट ठोकली, आत वाळका पाला भरला आणि वर जुन्या खिडकीची काच ठेवली.

"थंडीपेक्षा ओल वाईट," ती जयंतला म्हणाली. "मुळं कोरडी राहिली तर तग धरतील."

फेब्रुवारीत वादळ झालं. सकाळी बघते तर काच फुटून पडलेली आणि पाल्याचा नुसता लगदा. त्यात रात्री कडाक्याचा फ्रॉस्ट पडणार होता. विभावरी गुडघ्यांवर बसून ओला पाला उपसू लागली. बोटं बधिर झाली, तरी थांबेना. जयंतनं तळघरातून प्लायवूड आणून त्याचं झाकण कापलं. तेवढ्यात फ्राऊ हार्टमान आपल्या सशांसाठी ठेवलेलं कोरडं गवत घेऊन आल्या.

"घ्या. पण जगेल असं मला अजूनही वाटत नाही."

एप्रिल सरला. हार्टमानबाईंची रोझमेरीसुद्धा करपली होती. गवती चहाचा बुंधा तर काडीसारखा पिवळा.

"जाऊ दे, नवीन आणू," जयंत म्हणाला.

"इतक्यात नाही," ती म्हणाली.

मे महिन्यात एका दुपारी तिनं वाळकी सालं अलगद बाजूला केली. आत बोटाच्या पेराएवढा हिरवा कोंब होता. त्याच्या शेजारी दुसरा, मागे तिसरा.

"जयंत! जगलाय रे!" ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

ऑगस्टपर्यंत पाती तिच्या कमरेला लागली. गावातल्या बागवाल्यांच्या मंडळाच्या सोमरफेस्टमध्ये, म्हणजे उन्हाळी मेळाव्यात, अध्यक्षांनी तिला मंचावर माइकपाशी बोलावलं. अडखळत्या जर्मनमध्ये तिनं ओल, भिंत, पाला, सगळं समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या तेव्हा तिचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती.

खाली उतरताच हार्टमानबाईंनी तिला गाठलं. "मला एक ठोंब द्याल? भिंत आहे माझ्याकडे. आल्झो, तर मग फळ्या किती जाड घ्यायच्या तेवढं सांगा."