थोरल्या सरांच्या नावे आलेले प्रश्न

कॉलेजातल्या प्राध्यापकांना तंत्राच्या वाटेला लावणं हे तिचं काम. तास रेकॉर्ड कसा करायचा, परीक्षा संगणकावर कशी घ्यायची, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, सगळं तिनं दाखवायचं. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, जिन्याला लागून तिची खोली होती. एक कॅमेरा, दोन दिवे, भिंतीवर निळा पडदा, आणि आवाज घुमू नये म्हणून जमिनीवर अंथरलेला जुना गालिचा. पाठीमागे सगळे तिला 'बटणबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू देत," ती म्हणायची, "बटण अडलं की बाईच आठवते ना."

थोरले सर त्या खोलीत पाऊल टाकतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. संख्याशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि खडू सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही हा त्यांचा बाणा. बैठकीत तंत्रज्ञानाचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत आणि विषय संपेपर्यंत पुसत राहत. पण त्यांच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. मुलगा परदेशात. सकाळच्या वेळी तिला एकटं सोडता येईना. तेव्हा एक दिवस सर आपणहून दारात येऊन उभे राहिले.

"बाई, मला शिकवा," ते म्हणाले. "विद्यार्थी मठ्ठ आहे, पण दांडी मारणार नाही."

मठ्ठ ते नव्हते. पण रिकाम्या खोलीत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. कॅमेऱ्याकडे बघून दोन वाक्यं बोलत आणि थांबत. "समोर कुणी मान हलवत नसेल तर कळलंय की नाही, हे मला कसं कळायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ती कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. कळलं की मान हलवायची, नाही कळलं की विचारायचं. अशा रीतीनं वर्षाचे सगळे तास झाले. त्यांत मधूनच तिचा आवाज ऐकू येई, "सर, हे परत सांगा ना," आणि सर कंटाळा न करता परत सांगत. तो भाग कापू का, असं तिनं एकदा विचारलं होतं.

"राहू दे की," सर म्हणाले. "तुमचं घोडं जिथं अडलं तिथंच पोरांचंही अडणार."

परीक्षा झाल्या, निकाल लागले. सुट्टीत एका सकाळी बायकोसाठी चहा ठेवायला म्हणून सर स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशीच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नवं वर्ष सुरू होण्याआधी प्राचार्यांनी तिला बोलावलं. सरांच्या जागी नवा माणूस घ्यायला वरून मंजुरी नव्हती. "त्यांचे तास आहेत ना तुमच्याकडे? तेच पडद्यावर लावू. अर्थशास्त्राचे धाकटे सर वर्गात बसतील." बोलण्यात कावा नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांचीही गत होती. आणि खरं सांगायचं तर तिला आतून बरंच वाटलं. सरांचा आवाज वर्गात राहील, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं.

तास सुरू झाले. पहिल्या वर्षाची मुलं नवी, ती कुणालाच ओळखत नव्हती. संगणकावर विषयाचं पान उघडलं की सरांचा फोटो, सरांचं नाव आणि खाली एक चौकट: 'प्रश्न विचारा'. तिनंच गेल्या वर्षी ती बनवली होती. सर गेल्याचं मुलांना कुणीतरी सांगितलं असेल, असं ऑफिसला वाटलं, ऑफिसनं सांगितलं असेल असं धाकट्या सरांना वाटलं, आणि तिला तर हा प्रश्नच सुचला नाही. कुणी लपवलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मग प्रश्न येऊ लागले. सरांचं खातं तिनंच उघडून दिलं होतं, आणि त्याची चावी अजून तिच्याकडेच होती. एका दुपारी कसलीशी दुरुस्ती करायला ती त्यात शिरली तर टपालपेटी भरून वाहत होती. 'सर, सरावाची गणितं कुठे मिळतील?' 'सर, तुम्ही इतकं सावकाश शिकवता, फार बरं वाटतं.' एका मुलीनं चेंडूंच्या उदाहरणाबद्दल विचारलं होतं. पिशवीतून काढलेला पहिला चेंडू परत टाकला नाही, तर दुसऱ्या खेपेला शक्यता का बदलते? तिनं आधीही दोनदा विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं: 'सर, माझा प्रश्न फार बावळट आहे का?'

बटणबाईच्या बोटांनी डोक्याच्या आधी काम केलं. तिनं लिहिलं: 'प्रश्न बावळट नाही. तासाचा शेवटचा भाग पुन्हा पाहा, तिथे हेच समजावलं आहे.' आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर दिसलं की उत्तराच्या वर सरांचा फोटो आहे.

मुलीचं उत्तर लगेच आलं. 'सर, तुम्ही स्वतः लिहिलंत! आईला दाखवलं. तुम्हाला कधी भेटता येईल?'

त्या संध्याकाळी बटणबाई ताटावर बसली, पण घास उतरेना. सासूबाईंनी आमटी वाढायला पळी पुढे केली, तिनं हातानं नको म्हटलं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"गेलेल्या माणसाच्या नावानं मी उत्तर दिलं," ती म्हणाली.

"चांगलंच उत्तर दिलंस की," नवरा म्हणाला. "कुणाचं काय बिघडलं?"

"बिघडलं नसतं तर ती जेवली असती," सासूबाई म्हणाल्या आणि पळी भांड्यात ठेवली. "त्यांच्या बायकोला माहीत आहे का हे?"

तिनं मान हलवली. माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आता मध्येच सांगून काय साधणार? मुलं बिथरतील, पालक विचारायला येतील. झाकली मूठ राहू द्या थोडे दिवस."

"आणि त्या मुलीला काय लिहू?"

यावर त्यांनी पुढची फाइल ओढली.

कॉलेज सुटल्यावर ती सरांच्या घरी गेली. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा कुणीतरी ठेवला असेल तसाच. सांभाळायला आलेली भाची आतून पाणी घेऊन आली. बटणबाईनं काहीही हातचं न राखता सांगितलं. तास लावतोय ते, प्रश्न येतात ते, तिनं लिहिलं ते. काकूंचं बोलणं आता एकेक शब्द पाण्यातून वर काढावा तसं झालं होतं, त्यामुळे ती घाई न करता बसून राहिली.

"दिसतात कसे?" काकूंनी आधी हेच विचारलं.

"नेहमीसारखे. निळा शर्ट. मधूनच खोकतात."

काकूंच्या तोंडाची एक बाजू हसली. भाचीनं दिवा लावला.

"शिकवू दे," काकू म्हणाल्या. "त्यांना... आवडेल. पण गेलेत... हे सांग. जिवंत माणूस... उत्तर देत नाही... म्हणजे त्यानं पोरांना... झिडकारलं. त्यांनी कधी... कुणाला झिडकारलं नाही."

एवढं बोलून त्या दमल्या. डोळे मिटून घेतले. तिनं त्यांचा डावा हात धरला. तोच काय तो ऊन होता.

पुढच्या तासाला ती वर्गात गेली. प्राचार्यांना तिनं आधी सांगितलं होतं. त्यांनी हो म्हटलं नाही, पण अडवलंही नाही. पडदा अजून काळाच होता. धाकटे सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. तिला वर्गासमोर उभं राहायची सवय नव्हती, तिची जागा नेहमी यंत्रामागे. तरी तिनं सरळच सांगितलं.

"तुम्हाला जे सर शिकवताहेत, ते या सुट्टीत वारले. हे आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही पाठवलेले प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत. एकाला उत्तर गेलं, ते मी लिहिलं होतं. चूक माझी."

मग तिसऱ्या बाकावर एक मुलगी हुंदका न देता रडू लागली. गाल पुसायचंही तिला सुचत नव्हतं. कुठली मुलगी, ते विचारायची गरज पडली नाही.

"मग आता प्रश्न कुणाला विचारायचे?" मागून एका मुलानं विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच हवं होतं ते.

तिनं धाकट्या सरांकडे पाहिलं तेव्हा ते जमिनीकडे बघत होते.

तास संपल्यावर ते तिच्या मागोमाग खोलीत आले. "मी पदवीला संख्याशास्त्र घेतलं होतं," ते म्हणाले. "थोरल्या सरांकडेच. पण त्यांच्या तासावर मी बोलायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. चुकलो तर पोरं म्हणतील, त्यापेक्षा पडदाच बरा होता."

"म्हणतील कदाचित."

"तुम्ही धीर देताय का घाबरवताय?"

"मी फक्त तास कुठं थांबवायचा ते दाखवू शकते," ती म्हणाली. "पुढचं तुमच्याच गळ्यात."

ते दोघं संगणकापुढे बसले. सर पडद्यावर बोलत होते, आणि ते वर्गाला कुठं विचारतात, कुठं वाट बघतात, त्या जागा तिला पाठ होत्या. अशा प्रत्येक जागी तास आपोआप थांबेल अशी तिनं सोय केली. धाकट्या सरांनी त्या त्या ठिकाणी काय विचारायचं ते उतरवून घेतलं.

पहिल्या खेपेला ते खरंच चुकले. फळ्यावर अपूर्णांक उलटा मांडला. पुढच्या बाकावरच्या मुलानं दाखवून दिलं, आणि त्यांनी खडू त्याच्यापुढे धरला. मग म्हणाले, "बरोबर. ये, तूच मांड." मागच्या बाकावर बसलेल्या बटणबाईचा जीव टांगणीला लागला होता, तो खाली आला. चेंडूंचा प्रश्न विचारणारी मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं हात वर केला.

वर्ष सरत गेलं तसे सर पडद्यावर कमी आणि धाकटे सर फळ्यापाशी जास्त दिसू लागले. पानावर सरांच्या फोटोखाली तिनं त्यांच्या जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष घातलं आणि प्रश्नांची चौकट धाकट्या सरांच्या नावावर केली. जुन्या, वाट बघत राहिलेल्या प्रश्नांना त्यांनी स्वतःच्या नावानं एकेक करून उत्तर दिलं. उशीर झाल्याबद्दल माफीही मागितली. प्राचार्य वरिष्ठांकडे जागेसाठी पुन्हा लिहीत राहिले. मंजुरी त्या वर्षी आलीच नाही.

काकूंना तिनं एक तास लॅपटॉपवर नेऊन दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मध्ये कॅमेऱ्यामागून तिचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू होतीस... समोर," त्या म्हणाल्या. "बरं झालं." मग त्यांनी भाचीला लॅपटॉप बंद करायला सांगितलं आणि पुन्हा कधी तो तास मागितला नाही.