एका ओळीतलं मरण

“शनिवारी कार्यक्रम! हे नक्की शहरातल्या माणसाचं डोकं,” मानू आपल्या मैत्रिणीच्या, पोमाच्या कानाशी लागली. “इथल्या कुणाला विचारलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.”

मानूचं म्हणणं खोटं नव्हतं. बेक्वाईत शनिवार हा मयताचा वार. त्या दिवशी गावातला प्रत्येक धडधाकट माणूस काळे-तांबडे कपडे घालून कुणाच्या ना कुणाच्या मांडवात बसलेला असतो. आणि कुमासी शहरातल्या संग्रहालयाने लेखकांना वाचकांच्या भेटीला आणायचं म्हणून जी वाचनं ठरवली होती, त्यातलं पहिलं संग्रहालयात झालं, दुसरं विद्यापीठात झालं आणि तिसरं, लेखिकेच्या गावचं, नेमकं शनिवारी येऊन पडलं.

लेखिका म्हणजे अजेवा, पोमाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली तेव्हा हे मांसाचं लडबडलेलं गाठोडं पोमाच्याच ओटीत पडलं होतं. आमच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, आणि पोमाने तो शब्द शिलाई यंत्रावर बसून, गावाचे कपडे शिवून खरा केला. पोटचं मूल तिला झालं नाही. नवरा त्याच कारणाने निघून गेला होता. आज तिने स्वतःसाठी निळं-पांढरं नवं कापड शिवलं होतं आणि ती गावच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत ताठ बसली होती. मागे बाकं रिकामी.

मग देव पावला. रस्त्यापलीकडच्या मयताच्या मांडवातला जनरेटर बंद पडला, गाणी थांबली, आणि पंख्याच्या वाऱ्याला म्हणून माणसं हॉलमध्ये शिरू लागली. बघता बघता सगळा हॉल काळा-तांबडा झाला. म्हाताऱ्या बायकांनी पहिल्या रांगेत पोमाच्या दोन्ही बाजूंना बस्तान मांडलं. अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर बोआदू, यांचा चेहरा असा खुलला, जणू सगळ्यांना त्यांनीच आमंत्रण धाडलं होतं.

अजेवा इंग्रजीत एक उतारा वाचायची आणि मग तोच आपल्या बोलीत सांगायची. पुस्तकातल्या पोरक्या मुलीला एक मावशी होती, शिंपीण. ती दर वर्षी शाळेच्या झग्याची दुमड उसवून तो खाली सोडायची, आणि जुन्या दुमडीची गडद रेघ वर दिसत राहायची. त्या रेघा मोजून मुलगी स्वतःचं वय सांगायची.

“अगं, तू आहेस ही!” मानूने कोपर मारलं. मागून कुणीतरी “पोमा, पोमा” म्हणालं. पोमाला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने मान खाली घातली.

“‘त्या वर्षी धुळीचा वारा सुटला,’” अजेवा सांगत होती, “‘आणि मावशीही गेली. मुलगी आता जगात एकटी होती. सोमवारी ती राजधानीला, अक्राला जाणाऱ्या बसमध्ये बसली.’”

शंभर डोळे पोमाकडे वळले.

“हे अभद्र तुझ्या शत्रूवर जावो,” मानू घाईघाईने पुटपुटली.

वाचन संपलं. कुणीतरी पुस्तक कुठे मिळेल ते विचारलं. शाळेच्या बाईंनी लिहायला कधी बसता ते विचारलं. मग पोमा उठली. बोआदू सरांनी अंदाज घेत माइक तिच्या हाती दिला.

“मला त्या शिंपीण बाईचं विचारायचंय,” ती म्हणाली. “ती कशानं गेली?”

हशा पिकला. अजेवाही हसली, पण कावरीबावरी झाली. “आई, ती तू नाहीस गं. गोष्ट आहे ती. मुलगी एकटी पडल्याशिवाय गोष्ट पुढे जात नव्हती.”

“नसेल. गोष्टीसाठी मरायला माझी ना नाही. झगा बेतताना कापड कापावंच लागतं. पण बाई गेली आणि पुढच्या ओळीत पोरगी बसमध्ये? मग तिचं मयत कोणी केलं?”

“बरोबर बोलली!” म्हाताऱ्यांच्या रांगेतून आवाज आला. “मांडव नाही, ढोल नाही?”

“अजून शवागारातच आहे की काय बिचारी?” मागून एक आजोबा ओरडले.

“शांत बसा!” बोआदू सरांनी टेबलावर हात आपटला. “हे साहित्य आहे!”

“साहित्य असू दे की, सर. प्रेत तर आहे ना!” आजोबा हटेनात.

सगळा हॉल खदखदून हसला. पोमा हसली नाही. ती हसणं ओसरेपर्यंत थांबली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला.

“आणि फलकावर, तिच्या फोटोखाली, मुलं म्हणून कोणाचं नाव लावलं?”

आता कोणीच हसलं नाही. बेक्वाईच्या भिंती गेलेल्या माणसांच्या फलकांनी भरलेल्या असतात. फोटो, वय, आणि खाली मुलांची नावं. ज्या बाईच्या फोटोखाली भाच्या, पुतणे, शेजारी सगळे असतात आणि मुलांची ओळ तेवढी नसते, तिचा फलक लोक जरा जास्त वेळ वाचतात. पोमा असे फलक मान वळवून ओलांडत आली होती. केव्हातरी आपलाही लागेल, हे भय तिने मानूलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आज मात्र स्वतःच्या पोरीच्या तोंडून ऐकलं की ती गेली आणि मागे तिचं म्हणायला कोणी राहिलं नाही. बाकीचं सगळं निमित्त होतं. विचारायचं होतं ते एवढंच.

विद्यापीठात मावशीच्या मरणाच्या याच ओळीवर अजेवा भरभरून बोलली होती. लेखकाला आधी एकटं व्हावं लागतं, वगैरे. टाळ्याही पडल्या होत्या. इथे त्यातलं एक वाक्य तिच्या जिभेवर येईना. जिने वाढवलं तिच्याकडे ती बघत राहिली, आणि आपण काय करून बसलो ते तिला त्या काळ्या-तांबड्या गर्दीसमोर कळलं.

तिने पुस्तक मिटलं.

“माझं नाव,” ती म्हणाली. माइक तोंडाशी नव्हता.

“काय म्हणाली? काय म्हणाली?” मागून गलका झाला.

बोआदू सरांना मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची जन्माची सवय. त्यांनी व्यासपीठावरचा माइक ओढला आणि फलक वाचावा तसं खणखणीत सांगितलं, “मुलगी, अजेवा. एकटीच.”

पोमाने माइक मानूच्या हातात दिला. ती बसली मात्र नाही.

अजेवा व्यासपीठावरून खाली उतरली. कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला जाऊन तिने उजवा हात पुढे केला. ज्याच्या घरचं माणूस गेलंय तो मांडवात असाच फिरतो, उजवीकडून डावीकडे, एकेकाचा हात हातात घेत. म्हाताऱ्यांना ते क्षणात समजलं. एकेक करत त्या उठून उभ्या राहिल्या.

“दुए, बाळ, दुए,” पहिली म्हणाली. सांत्वनाचा आमच्याकडे हा एवढाच शब्द आहे.

“दुए,” दुसरी म्हणाली. “दुए,” तिसरी. सकाळपासून पलीकडच्या मांडवात त्यांनी हेच केलं होतं, आणि इथेही त्यांनी ते उरकून टाकलं नाही. एका जागी अजेवाला हुंदका आवरेना, तेव्हा त्या म्हातारीने ती सावरेपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

मग ती पोमासमोर आली. अजेवाचा हात अर्ध्यावर थांबला.

पोमाने कापड सारखं केलं आणि आपला उजवा हात पुढे करून तिचा धरला.

“दुए, पोरी,” ती म्हणाली. “तुला फार आठवण येईल तिची.”

अजेवा हात सोडेना. पलीकडे मानू आपला हात पुढे करून ताटकळली होती. शेवटी पोमानेच हात हळूच सोडवून घेतला, आणि तिला पुढे जाऊ दिलं.