पितरांचा लाल भात

गावचे मांत्रिक सारुन आजोबा यांच्या तराफ्याभोवती त्या सकाळी इतक्या होड्या दाटल्या होत्या, की खालचं पाणी दिसत नव्हतं. आमचं गाव कंबोडियातल्या तोनले साप सरोवरावर तरंगतं. घरं, दुकान, मी शिकवते ती शाळासुद्धा. प्चुम बेनचे, म्हणजे पितरांचे पंधरा दिवस चालू होते, आणि पितरांसाठी ठेवलेल्या भाताच्या गोळ्यांतून रक्त फुटत होतं.

माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. पांढऱ्या भातावर लालभडक ठिपके. ज्या घरी भात लाल, त्या घरचे पितर कोपलेले. आजोबा आधी घरोघर जाऊन गोळ्यांवर कुंचल्याने मंत्राचं पाणी शिंपडत. भात लाल झाला, की उतारा म्हणून आपल्या रांजणातलं पाणी पाजत. अट एकच: ते उकळायचं नाही. "उकळलं की मंत्र मरतो."

आमच्याकडे संडास आणि स्वयंपाक एकाच सरोवरावर, म्हणून पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. पण पितरांचं नाव निघालं आणि गावाने अक्कल गहाण टाकली. त्यात माझी सख्खी बहीण फल्लाही होती.

तिची मुलगी चान्थू सहा वर्षांची. आदल्या दिवशी त्यांचा भात लाल झाला, पोरीला रांजणातलं पाणी पाजलं, आणि पहाटेपासून तिला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले. मी आजोबांच्या तराफ्यावर पोचले तेव्हा ती रांजणाशेजारी चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहत होती.

"फल्ला, होडी सोड. दवाखाना तासाभरावर आहे."

"आजोबा म्हणतात, भात पांढरा होईपर्यंत पाणी ओलांडायचं नाही. पोर वाटेत जाईल, ताई."

"इथे ठेवलीस तर दुपारपर्यंत जाईल."

"बाई," आजोबा गोड हसले, "तुम्ही पाढे शिकवा. पितरांची भाषा आम्हाला येते. तुमची आई रागावलीये. पोरगी शाळा शिकली आणि नैवेद्य विसरली, म्हणते."

आईचं नाव काढलं आणि माझं डोकंच फिरलं. बरोबर आणलेला झाकणाचा डबा मी सगळ्यांसमोर उघडला. आत वाफवलेल्या तांदळाच्या दोन चपट्या वड्या होत्या. एक स्वच्छ पांढरी. दुसरीवर ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं: सारुन.

पुढची म्हातारी हात जोडून मागे सरकली. आजोबांचं हसू गेलं.

"पितर नेमके कोणावर कोपलेत, आजोबा?"

सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या.

"लिहिलं मीच," मी म्हटलं. "तीन दिवसांपूर्वी हे फल्लाकडे पाणी शिंपडून जेवायला बसले. यांच्याकडे लोटे दोन. मान देणाऱ्यांकडे मोठ्यातलं पाणी शिंपडतात, बाकीच्यांकडे लहानातलं. त्या लहान लोट्यात मी सुई बुडवली आणि वडीवर यांचं नाव लिहिलं. दुसऱ्या वडीला हात लावला नाही."

"शास्त्राचा अपमान आहे हा," आजोबा लहान लोट्याकडे सरकले. पण वेस्ना कोळ्याने तो आधीच उचलून पालथा केला. चटईवर शिळ्या भाताचा लाल, बुळबुळीत लगदा पडला.

"हे रक्त नाही. डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव आहेत हे. ओल्या भातावर एकाचे लाखो होतात, तेव्हा लाल दिसतात. कुंचल्यावरून घरोघर गेले, माझ्या सुईवरून वडीवर आले. चान्थूच्या पोटातले त्यांचेच भाऊबंद, फक्त त्यांना रंग नाही. रांजण भरला कुठून? याच सरोवरातून. आजाऱ्याची वाटी त्यातच बुडते, आणि तीच पुढच्या पोराच्या तोंडाला लागते."

फल्लाने रांजणाकडे पाहिलं. कालची वाटी अजून त्याच्या काठावर पालथी होती. तिने पोरीला उचललं, होडीत निजवलं आणि दोर सोडला. पुढच्या होड्या आपोआप बाजूला झाल्या. वाटभर मी उकळलेल्या पाण्यात मीठसाखर घालून चमच्याचमच्याने पाजत होते, आणि दर चमच्याला फल्ला विचारत होती, "गिळलं का?"

चौथ्या दिवशी चान्थूने भात मागितला. पांढरा आहे ना, हे बघून मगच खाल्ला.

आजोबांचं एक वाक्य मात्र त्यातला मंत्र गाळून मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलंय: उकळलं की मरतो. कोण मरतो, ते आता पहिलीतली मुलंही सांगतात. तुम्हीही पाणी उकळा, हात धुवा. आणि उकळू नका असं कोणी सांगितलं, तर मान डोलावण्याआधी एवढंच विचारा, का?