झाड सोडायचं नाई

बिल्ला छातीवर लागला तशी सुकरी मडावी दोन बोटं उंच झाली. निदान तिला तरी तसंच वाटलं. पुठ्ठ्याचा गोल, त्याला निळी फीत आणि मधोमध लाल शाईत 'स्वयंसेवक'! मंडळाने बिल्ले छापून आणले, फिती आणल्या, फक्त पिना आणायच्या विसरले. मग सुकरीने आपल्या दप्तराचा तुटका पट्टा ज्या पिनेवर तगून होता ती पिन काढली, बिल्ल्याला लावली आणि दप्तर काखेत मारून शाळेच्या फाटकातून अशी आत शिरली की जणू शाळा तिच्याच नावावर आहे.

शहाऐंशी सालचा जानेवारी होता. भद्रावतीच्या त्या शाळेला पाच दिवस सुट्टी, आणि शाळेत मोतीबिंदूचं शिबिर. प्रयोगशाळेत ऑपरेशनं आणि प्रार्थनेच्या हॉलमध्ये भाताच्या तनसावर गाद्या टाकून वॉर्ड. जंगलातल्या गावांतून चोवीस म्हातारेकोतारे आले होते, कोणी बैलबंडीत, कोणी एस.टी.त, कोणी नातवाच्या काठीला धरून. त्यांच्यासाठी नववीच्या बारा मुली स्वयंसेवक. सुकरी त्यांची प्रमुख. का, तर तिला गोंडी येत होती, ती वसतिगृहात राहत होती म्हणून घरी जायची घाई नव्हती, आणि तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचत होता.

मंडळाचे सचिव गुणवंतराव माणूस वाईट नव्हते. तीन महिने सायकल दामटून त्यांनी गाद्या जमवल्या, तांदूळ जमवला, नागपूरचे डॉक्टर जमवले. पण मुली जमवल्यावर त्यांचं करायचं काय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सगळ्यांनी सगळं पाहाचं!" पहिल्या दिवशी त्यांनी शिटी वाजवून सांगितलं. "कोणाले काही लागलं की कोणीतरी धावाचं. समजलं?"

समजलं. सगळ्यांनी सगळं पाहिलं. बाराच्या बारा जणी डॉक्टरांच्या पेटीभोवती जमल्या, मग बाराच्या बारा चहाकडे धावल्या. मुखरूबुवांना तीन जणींनी तीनदा उपमा नेऊन दिला आणि त्यांनी तिन्ही वेळा मुकाट खाल्ला. "मले वाटलं, तपासाच्या आंधी इतकंच देत असतीन," ते म्हणाले. आणि कोपऱ्यातल्या दसरूभाऊंना दिवसभरात कोणीच काही दिलं नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने दिलं असेल. दिवस मावळताना सुकरीला ते दिसले. थैली मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेले, घरी जायच्या तयारीत.

"काऊन भाऊ, कुठी निघाले?"

"घरी. उपाशीच राहाचं असन त घरचा उपास बरा, पोरी. तिथं आंधयाले भूक लागते, हे त लोकाईले माहीत हाये."

सुकरीचा बिल्ला एकदम जड झाला. तिने हात जोडले, भात आणला, स्वतःच्या हाताने कालवून दिला. मग सगळ्या मुलींना बोअरिंगच्या ओट्यावर बसवलं.

"आमच्या गावात मोहाची झाडं वाटून राह्यतेत," ती म्हणाली. "हे झाड आत्रामाचं, ते मडाव्याचं. फुलं पडाले लागली का ज्याचं झाड त्यानं पाहाटंपासून त्याच्याखाली बसाचं. ढोरं येतेत, हरीण येते. सगळ्याईनं सगळी झाडं राखतो म्हनलं त एक फूल हाती लागनार नाई."

"म्हणजे आपण का करावं? पेशंटाईच्या खाली बसावं?" यशोधरा खोब्रागडेने विचारलं. ती सुकरीच्या बाकावरची, जिभेला धार असलेली. सगळ्या हसल्या.

"उशाशी बस, शहानी! एकीले दोन झाडं. त्याचं नाव, गाव, खाते का, खोकलते का, कोनती कूस दुखते, सगळं तिले माहीत पाह्यजे."

"अन् ते झाड राखता राखता मलेच भूक लागली त?"

आता सुकरी अडली. मोहाखाली बसणाऱ्याला घरून भाकर येते, इथे कुठून येणार? पण यशोधराच पुढे म्हणाली, "माह्या बाबाच्या खाणीत आहे तसं करू." तिचे बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत. "तिथं पंपावरचा माणूस बदलीवाला आल्याशिवाय पंप सोडत नाही. त्याच्या पोरीचं लग्न असो का सासू मरो. बदलीवाला येते, डोळ्यानं पाहाते, पंप हातात घेते, मंग हा जाते. आपणही तसंच. जेवाले जाचं, पाणी प्याले जाचं, पण बदली देऊन."

ठरलं! झाड आणि बदली. रात्रपाळीला आया होत्या, दिवस मुलींचा. सकाळी सिस्टर इंदुताईंनी ऐकलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "बारा वर्षं नोकरी झाली माझी, पण इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं." मग मात्र त्या हसल्या नाहीत. निजलेल्याला चमच्याने पेज कशी पाजायची, भांडं कसं द्यायचं, कुशीवर न वळवता पाठ कशी चोळायची, सगळं एकेकीकडून करून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो, उठायला पाहतो. उठून बसला, वाकला, झटका बसला, की टाका तुटतो आणि डोळा जातो. तो परत येत नाही, पोरींनो. म्हणून तुम्ही इथे आहात. बिल्ला मिरवायला नाही."

सुकरीच्या वाट्याला आले दसरूभाऊ आणि बायनाबाई. बायनाबाईंचा एक डोळा लहानपणीच बांबूच्या कमचीने गेला होता. उरलेल्या एकात मोतीबिंदू. म्हणजे सगळा जुगार एकाच डोळ्यावर! दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं आणि बायनाबाई पट्टीआडून गोंडीत जी बोलायला लागली ती थांबेचना. सुकरी किती वर्षांची, लग्न का नाही झालं, शिकून काय करणार, आवाज असा डफासारखा का. सुकरीने मनगट तिच्या हातात देऊन ठेवलं होतं. म्हातारीची मूठ म्हणजे खेकड्याची नांगी.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिटी वाजली.

"सगळ्या पोरी फाटकावर!" गुणवंतराव दारातूनच ओरडले. नवा सफारी, केसांना तेल. "कलेक्टर साहेब निघाले वरोऱ्यावरून! आरतीची ताटं घ्या, फुलं घ्या, दोन रांगा करा. चला, चला!"

कोणी हललं नाही. बारा तोंडं सुकरीकडे वळली.

"भाऊ," सुकरीने बसूनच विचारलं, "अन् इथी कोन राह्यन?"

"राहील वं कोणीतरी! अर्ध्या घंट्याचं काम आहे."

कोणीतरी! परवा दसरूभाऊंना दिवसभर याच कोणीतरीने जेवू घातलं होतं.

"तो कोनीतरी पाठवा आंधी. त्याले सगळं समजावून देतो, मंग येतो."

"सुकरे, साहेब रस्त्यात आहेत! दहा हजाराची मदत मागाची... मंडळाचं काम अडलं आहे त्यांच्यापाशी. अन् तू मले शिकवून राह्यली?"

"शिकवून नाई राह्यली, भाऊ. झाड सोडून येत नाई म्हनून सांगून राह्यली."

"कोणतं झाड? इथं कुठी झाड आहे?" गुणवंतरावांनी खरंच छताकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तुले बिल्ला कोणी देल्ला?"

"तुमीच."

"मंग आण इकडे."

सुकरी वसतिगृहातली पोरगी, उद्या गुरुजींच्या कानावर जाईल, परवा गावी बाबाच्या. पण बायनाबाईची मूठ मनगटावर तशीच होती. सुकरीने एका हाताने बिल्ला काढला, गुणवंतरावांच्या हातावर ठेवला. आणि पिन परत घेतली.

"पिन माही हाये."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने सुकरीच्या पाठीत काठी बसवल्यासारखं झालं.

"आता बिल्ला गेला, म्हंजे मी स्वयंसेवक नाई. मंग मले फाटकावर काऊन बोलावता? मी त आता बायनाबाईची नात हावो. भेटाले आली."

"बाकीच्या चला!" गुणवंतराव गरजले.

"बदलीवाला आणला का, भाऊ?" यशोधरा म्हणाली. "नाही? मंग हा घ्या माहाही."

मग दुसरीचा आला, तिसरीचा आला, बसल्या जागेवरून, हातोहात. एकीने जरा वेळ लावला, पण ते भीतीने नव्हे, तिची पिन गंजून अडकली होती. गुणवंतरावांच्या सफारीचे दोन्ही खिसे बाराच्या बारा बिल्ल्यांनी फुगले आणि निळ्या फिती बाहेर लोंबू लागल्या. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात फाटकावर ढोल घुमला, जीपचा हॉर्न वाजला आणि कोणी हौशी माणूस खिडकीशी येऊन ओरडला, "साहेब आले! उठा, उभे राहा, साहेब आले!"

आणि अख्खा हॉल हलला.

हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गुणवंतरावांच्या नाही, इंदुताईंच्या नाही, सुकरीच्याही नाही. ही माणसं जंगलातली. जंगलात साहेब आला की उभं राहायचं. हातातलं टाकून, ताटावरून, आजारातून उठायचं, हात जोडायचे, वाकायचं. हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं. चोवीस आंधळ्या माणसांनी ढोल ऐकला, 'साहेब' ऐकलं आणि चोवीस डोकी उशीवरून सुटायला लागली.

"धरा!" सुकरीचा आवाज हॉल फोडून गेला.

पण प्रत्येक मुलगी आपल्या झाडाखालीच होती. एक हात एका छातीवर, दुसरा हात दुसऱ्या छातीवर. "निजा, मामा!" "नाई माय, नाई, नाई!" "मुखरूबुवा, निजा, नाईतर उपमा बंद!"

बायनाबाईचे खांदे चिवट वेलीसारखे वर येत होते. "सोड, पोरी," ती गोंडीत विनवत होती. "साहेब आला. निजून राहिलं तर रागावेल. माझ्या नवऱ्याची कुऱ्हाड एकदा साहेबानं अशीच काढून नेली."

सुकरी तिच्या कानाशी वाकली. तिला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही मिळून तिचा आवाज असा निघाला की तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "नीज, आजी. साहेब आला तरी नीज. आज तू निजायचं आणि साहेबानं उभं राहायचं."

म्हातारी क्षणभर ताठ राहिली. मग तिचं डोकं हळूच उशीवर परत गेलं. पट्टीखाली ओठ हलले. "साहेब उभा?" तिने विचारलं. "खरंच?"

खरंच. साहेब दारात उभे होते. गळ्यात हार नाही, कपाळावर कुंकू नाही, इंदुताईंनी बूट बाहेर काढायला लावल्यामुळे पायात मोजे. चोवीसपैकी एकही माणूस उठला नाही. इंदुताईंनी हलक्या आवाजात का ते सांगितलं, मग घाईने एकेका पट्टीवरून नजर फिरवत गेल्या. बायनाबाईपाशी जास्त वेळ थांबल्या. पट्टी कोरडी होती. सुकरीने श्वास सोडला.

"आणि या मुली?" साहेबांनी विचारलं.

"आमचे स्वयंसेवक, साहेब," गुणवंतराव घाम पुसत म्हणाले.

"आमचे बिल्ले तुमच्या खिशात हायेत, भाऊ," सुकरी म्हणाली.

साहेबांनी सफारीच्या खिशांकडे पाहिलं, लोंबणाऱ्या फितींकडे पाहिलं. मोज्यांवरच वळून अंगणातल्या मांडवाकडे गेले.

पाच मिनिटांनी गुणवंतराव परत आले. आता शिटी खिशात होती. "सुकरे, दोन पोरी पाह्यजे. स्वागतगीत आहे, पेटीवाला बसला आहे."

"सांगून राह्यले का मांगून राह्यले, भाऊ?"

गुणवंतरावांनी दाराबाहेर पाहिलं, आत पाहिलं. "मांगून राह्यलो, बाई."

"मंग देतो. यशोधरा जाईन, अन् मी जातो. बदली?"

"कोण बदली? सगळे तिकडे आहेत!"

"तुमी हाये ना."

चारी झाडं समजावून द्यायला सुकरीने मुळीच घाई केली नाही. या मामांना खोकला आहे, गूळ-पाणी चमच्याने. या मावशींची डावी कूस दुखते. दसरूभाऊ मागत नाहीत, त्यांना विचारायचं. आणि बायनाबाईला मनगट द्यायचं. गुणवंतराव नव्या सफारीत तनसावर मांडी घालून बसले आणि खेकड्याच्या नांगीने त्यांना धरलं.

गाणं झालं. गाताना सुकरीचा आवाज पेटीवर जो चढून बसला तो उतरलाच नाही, पेटी कोणाला ऐकूच आली नाही. दोघी हॉलच्या दारात परत आल्या तोवर मांडवातला माईक बोलू लागला होता. "मंडळाचे सचिव श्री. गुणवंतराव यांनी कृपया मंचावर यावं." थोडं थांबून पुन्हा, "गुणवंतराव जिथे असतील तिथून..."

गुणवंतराव उठायला लागले.

"थांबा, भाऊ," सुकरी दारातूनच म्हणाली. "हात धुतो, मंग झाड घेतो. तवापर्यंत बसा."

माईकने तिसऱ्यांदा हाक मारली. सुकरी बोअरिंगवर साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश हात धूत होती. आत सचिव बसून होते आणि बायनाबाईला चमच्याने पाणी पाजत होते.

सातव्या दिवशी पट्टी सुटली. सुट्टी संपली होती, तरी सुकरी मधल्या सुट्टीत धावत आली. छातीवर बिल्ला नव्हता. गुणवंतरावांनी सगळे परत आणून टेबलावर ठेवले होते, पण तिने पिन दप्तराला लावली होती आणि ती आता काढायची नाही असं ठरवलं होतं. बायनाबाईने डोळा मिचकावला, पाणी आलं, पुन्हा मिचकावला. सुकरीला खालून वर पाहिलं.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "आवाज तर केवढा!"

मग मान न हलवता, इंदुताईंनी शिकवलं तशी, तिने हॉलभर नजर फिरवली.

"आणि तो पाणी सांडणारा कुठे आहे? त्याला सांग, चमचा थोडा तिरपा धरायचा."