उडनवीराचं ताट

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि आमच्या झाडीपट्टीतल्या माणसांनी त्या स्वातंत्र्याचं काही केलं असेल, तर उडनवीर पाहिला. आमचा जिल्हा तेव्हा चांदा, आमचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरायची आणि भर दुपारी दंडारीचं नाटक व्हायचं. पूर्वी त्या दंडारीत निदान राम-रावण असत. म्हणजे खोटं असलं तरी ते जुनं आणि सभ्य खोटं असे. मग दंडारीचा म्होरक्या लटारू एकदा नागपूरला गेला, तिथे टॉकीजमध्ये कसलासा मारधाडीचा सिनेमा पाहून आला आणि आल्या आल्या त्याने रामाला रजा दिली.

त्या जागी आला उडनवीर. पाठीला लाल लुगडं बांधलेला, तोंडाला-हातांना नीळ आणि मुर्दाडशिंग फासलेला, आणि पडद्यामागून दोघांनी बांबूवर उचलला की तो आकाशात उडतो असं सगळ्यांनी मुकाट समजून घ्यायचं, असा हा वीर. तो फुंकर मारून मुसळाचा साप करी, सुपाने वादळ परतवी, वांगी खाणाऱ्या राक्षसाला गुदगुल्या करून मारी. म्हशीला प्रश्न विचारी आणि म्हैस त्याला उलट उत्तर देई. खेळ कधी पुरा होत नसे. उडनवीर विहिरीत पडला की लटारू चोनक्याचा ताल थांबवून सांगे, तो वर कसा येतो ते पुढल्या गावच्या मंडईत. आणि लोक, कापलेल्या धानाचे कडपे शेतात तसेच टाकून, बंड्या जुंपून, शिदोऱ्या बांधून त्या विहिरीत पडलेल्या माणसामागे या गावाहून त्या गावाला जात. मी गुळाच्या पुड्यांचे कागद चुलीपुढे सरळ करून अक्षराला अक्षर लावत वाचायला शिकलेली बाई आहे. मला हे बघवत नसे आणि न बघवल्याचं मी ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगे.

त्यात हा उडनवीर होता माझा एकुलता एक मुलगा, इस्तारी. तलावात जाळं फेकावं तर त्यानेच, पण घरात तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्याला ताट वाढताना माझी सून कुंता मान वर करत नसे, आणि मंडईत तीच बाई पाटावर गुडघे रोवून उडनवीराला टाळ्या वाजवी. आपल्याच नवऱ्याला नीळ फासल्यावर ओळख देणारी बायको मी दुसरी पाहिली नाही.

दंडारीचा एक नेम आमच्या गावात होता आणि त्याचा मला सगळ्यांत जास्त राग होता. रंग चढलेल्या माणसाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारायची नाही आणि घरच्यांनी त्याला घास-पाणी द्यायचं नाही. त्याने आधी तलावावर तोंड धुवायचं, ओल्या केसांनी घरी यायचं, मग तो आपला; तोवर तो खेळातला. का म्हणून विचारलं तर म्हातारे म्हणत, तसंच असते बाई. याला मी कारण मानत नाही, आजही मानत नाही.

त्या साली आमच्याच गावच्या मंडईच्या आदल्या दिवशी इस्तारीला हिवताप भरला. माझा नवरा घुग्घुसकडे खाणीच्या कामाला गेला होता, तो असाच तापात उठून कामावर गेला आणि पुन्हा आला नाही. तेव्हा तापातल्या माणसाला खाटेवरून उठू द्यायचं नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. एक माणूस मी घालवला होता, दुसरा घालवायची माझी तयारी नव्हती. मी त्याला मागच्या सपरीत, त्या बंदिस्त पडवीत, खाट टाकून दिली, वाकळ पांघरली, लाल लुगडं माझ्या पेटीत घालून कुलूप लावलं, कुंताला त्याच्या उशाशी बसवलं आणि दुपारी लटारूला सांगायला निघाले, की आज तुझा वीर येणार नाही, म्हशीलाच उडव.

मंडईत पोचले तर उडनवीर उडत होता.

मी गर्दीच्या कडेला उभी राहून पाहिलं. उजवा खांदा थोडा खाली टाकायची ती चाल इस्तारीचीच, डाव्या हाताची वाकडी करंगळीही त्याचीच. फक्त आवाज असा मोकळा मी कधी ऐकला नव्हता आणि तो हसत होता, अगदी पोटातून. म्हटलं, पाठ फिरताच कुंताने सोडला असेल, आणि दुसरं कुठलं तरी लुगडं बांधलं असेल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ खेळात शिरले आणि त्याचं मनगट धरलं. चोनका थांबला. माणसं हसायची बंद झाली.

"सुगंधाबाई," लटारू हळूच म्हणाला, "रंग तं उतरू दे."

मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या गावापुढे, मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "इस्तारी, चाल घरी."

तो लगेच आला. मनगट थंड होतं, तापाचा मागमूस नव्हता. वाटेत तलाव लागला तेव्हा त्याने अदबीने विचारलं, तोंड धुऊन घेऊ काय माय? मी म्हटलं, काही गरज नाही, आधी जेव, मग पाहू तुझी वीरगिरी. त्या नेमाची पुरती जिरवायची असं मी वाटेतच ठरवलं होतं. घरी आणून त्याला चुलीपुढे बसवलं, इस्तारीच्या पितळी ताटात भात वाढला, वर शेतातल्या बोडीत धरलेल्या मासळीचा रस्सा ओतला. तो भुकेल्यासारखा जेवू लागला. हात धुताना माझं लक्ष माझ्याच तळहाताकडे गेलं. एवढा वेळ त्याचं निळं मनगट दाबून धरलं होतं, पण हाताला रंग लागला नव्हता.

तेवढ्यात सपरीतून कुंता वाटी घेऊन आली. "आत्याबाई," ती म्हणाली, "थे पेज मांगून राह्यले," आणि चुलीपुढे बसलेल्याला पाहून तिथेच थांबली.

मी सपरीत गेले. खाटेवर इस्तारी वाकळेखाली कुडकुडत होता. हात लावला तर अंग भाजत होतं. परत येऊन पेटी उघडली. लाल लुगडं आत होतं. चुलीपुढल्याच्या पाठीवरही होतं.

"कोण गा तू?" मी विचारलं.

त्याने घास गिळला. "मले तूच तं आणलं ना, माय."

मी घाबरले नाही. लटारूच्या टोळीतलाच कोणी असेल, असं म्हणून मी लटारूला बोलावलं. तो म्हणाला, इस्तारीच होता, सगळ्यांच्या आधी येऊन त्यानेच रंग लावला. एवढं बोलून त्याने सपरीकडे न बघता चप्पल घातली. जेवलेला तलावावर गेला, तोंड धुऊन ओल्या केसांनी परत आला, आणि नीळ गेल्यावर खाली निघालं ते इस्तारीचंच तोंड.

सोंग किती दिवस टिकतं ते बघू, असं मी म्हटलं. पण सोंगाने दुसऱ्या दिवशी जाळं उचललं आणि टोपलं भरून मासळी आणली. पडलेली कुडाची भिंत लिंपली. रस्त्याने जाणाऱ्याशी थट्टा केली, म्हशीशी बोलला, आणि गावाला वाटलं, चला, सुगंधाबाईचा मुका पोरगा एकदाचा माणसात आला. सिंदेवाहीहून सायकलवर कंपौंडर आला, त्याने अंगणात बसलेल्याची नाडी पाहिली, ताप गेला म्हणाला आणि चहा पिऊन परत गेला. मी ओढून सपरीत नेलं असतं, पण त्याला उशीर होत होता. शेजारची रंभा एकदा सपरीत डोकावली आणि म्हणाली, हा कोण पाहुणा वो बाई? मी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. अख्खं गाव बांबूवरचा माणूस आकाशात उडतो असं मानायला शिकलेलं. त्यांना खाटेवरचा माणूस दिसणार कुठून?

कुंता आधी दोन्हीकडे वाढत होती. मग सपरीतलं ताट उशिरा येऊ लागलं, मग ते मीच नेऊ लागले. तिला मी बोलले, तशी ती खाली बघत म्हणाली, मले हेच इस्तारी वाटते आत्याबाई, मी काय करू. वर म्हणते, हे माह्याशी बोलतात. बोलण्यावर भाळणाऱ्या बाईला काय सांगायचं? मी माझी पथारी सपरीत हलवली. कडूचिराईताचा काढा मी दिला, घाम मी पुसला, अंग मी चेपलं. अंगणातला रोज येऊन दाराशी उभा राही आणि विचारी, माय, काही आणू काय? मी उत्तर देत नसे. तो राग न धरता जाई. माझा एकच हिशेब होता. याचा ताप उतरू दे, याला हाताला धरून अंगणात उभा करते, आणि मग कुंताने, लटारूने, सगळ्या गावाने दोघांकडे एकदम बघावं. दुसरा कुठे उडून जायचा तिकडे जावो.

एका सकाळी ताप उतरला. मला जाग आली तेव्हा तो खाटेवर उठून बसला होता, डोळे स्वच्छ, चेहरा हडकलेला पण शांत. मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार. इतक्या दिवसांनी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर अंगणात दुसरा जाळं झाडत होता, कुंताही तिथेच होती. यापेक्षा चांगली वेळ नव्हती.

"ऊठ, इस्तारी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मी आणखी कोणाशी बोलतेय का म्हणून दाराकडे पाहिलं. मग हात जोडले.

"बाई, तुमचे लय उपकार झाले. आता निंगतो. घरी माही वाट पाहून राह्यले असतीन."

"कुठी हाय तुह्यं घर?"

त्याने एका दिशेला बोट उचललं आणि परत खाली घेतलं. बाहेर अंगणातला काहीतरी बोलला आणि कुंता हसली, या घरात ती अशी कधी हसली नव्हती. त्या हसण्याकडे खाटेवरच्याने कान दिला आणि परक्या घरी पाहुणा हसतो तसा, तेवढ्यापुरता, तोही हसला. मग तो उठला. वाकळ उचलली, झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिची चौकोनी घडी केली, खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि वरून हाताने हलकेच दाबली.

इस्तारीने जन्मात कधी वाकळेची घडी केली नव्हती.